कवदीचं पोट

नातालआक्का पहिल्यांदा कुणाला भेटली की नावगाव विचारायची नाही. "जेवलासा काय?" एवढंच विचारायची. कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमनला तिनं तेच विचारलं, मला तेच विचारलं, आणि चेअरमन साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन उभी केली तर त्यांनाही तेच. साहेबांनी फाईलमधून मान वर केली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाय अजून." त्या केबिनमध्ये इतकं सरळ आणि खरं उत्तर मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी त्या कॉलेजात लायब्ररियन होतो. बेळगावातनं निघालं की हिंडलग्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं कॉलेज. मी उचगावचा, रोज स्कूटरवरून येऊन-जाऊन करायचो. स्वभावानं मी किरकिऱ्या, हे आधीच सांगून टाकतो. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं तरी माझं डोकं फिरायचं. पोरं मला मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

माझ्या डोकेदुखीचं मोठं कारण म्हणजे लायब्ररीची रस्त्याकडची भिंत. चांगली लांबलचक, पांढरी भिंत. आज तिच्यावर मराठी पोस्टर लागायचं, उद्या त्याच्यावर कन्नड, आणि परवा कुणीतरी दोन्हींवर काळं फासून जायचं. मग पानाच्या पिचकाऱ्या होत्याच. आमच्या भागात भिंत रिकामी ठेवणं म्हणजे भांडणाला आवतण देणं. शेवटी संस्थेनं ठरवलं, तिच्यावर मोठं चित्र काढून घ्यायचं, अक्षर एकसुद्धा घालायचं नाही, म्हणजे कुठल्या भाषेचा प्रश्नच नको. आणि चित्र आदिवासी कलाकाराकडून काढून घ्यायचं. का, तर त्या वर्षी वरून तपासणीची कमिटी यायची होती आणि कमिटीला असलं काही दिसलं की बरं वाटतं. खरं कारण हे. मला गुळगुळीत बोलायला जमत नाही.

मीटिंगमध्ये एकानं मोबाईल काढून वारली चित्रं दाखवली. कुठली तरी लांबची पार्टी येऊन चार दिवसांत भिंत रंगवून देते म्हणे. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "अहो, आपल्या खानापूरच्या जंगलात सिद्दी आहेत की. ते काय काल आलेत का इथं?"

मला सिद्द्यांबद्दल लई माहिती होती अशातला भाग नाही. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची ही लेकरंबाळं, घाटाच्या रानात वाड्या करून राहतात, एवढं पुस्तकात वाचलेलं. पण आमच्या लायब्ररीचा शिपाई शिवाप्पा कंबरदुखीपायी खुर्चीवर एक कवदी घालून बसायचा. कवदी म्हणजे आमच्याकडची गोधडी. जुन्या कापडांचे तांबडे, निळे, पिवळे तुकडे, आणि त्यांवरून मुंग्यांच्या रांगेसारखे गेलेले पांढरे टाके. मी वर्षानुवर्षं ती बघत होतो. शिवाप्पाच्या बायकोच्या माहेराजवळ सिद्द्यांची एक वाडी आहे आणि तिथल्या एका बाईनं ती शिवली आहे, हे त्यानं मला पन्नास वेळा सांगितलं असेल. त्या मीटिंगमध्ये मला ती कवदी आठवली आणि तोंडातून शब्द गेले. शब्द गेल्यावर काम माझ्याच गळ्यात पडलं.

अशी नातालआक्का आमच्याकडे आली. नाताळच्या आदल्या दिवशी जन्मली म्हणून आईनं नाव ठेवलं नातालीन, आणि सगळ्यांनी केलं नातालआक्का. बुटकी, काळीभोर, पांढरे कुरळे केस फडक्यानं गच्च बांधलेले. लुगड्याच्या खांद्याला एक दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं ती 'मी येतो, मी शिवतो' असं बोलायची. ती सुई तिच्या अंगाचाच भाग होती. कुणाचं बटण लोंबताना दिसलं की त्या माणसाला व्हरांड्यात थांबवायची आणि अंगावरच बटण लावून दोरा दातानं तोडायची. फिजिक्सच्या सरांचं तिनं असं बटण लावलं तेव्हा समोरून पोरींचा घोळका येत होता. सर लालबुंद झाले. आक्का म्हणाली, "लाजतंय बघा. लाज उघडं असताना वाटायला पायजे होती की."

एका नव्या लेक्चररनं तिला फार आदरानं विचारलं, "तुम्ही मूळच्या आफ्रिकेच्या ना?"

"मी खानापूरची," ती म्हणाली. "तू कुठला?"

"मी... पुण्याचा."

"मग लांबनं आलायस तू. जेवलास काय?"

केबिनमधला पहिला दिवस सांगायचा राहिला. चेअरमन साहेब म्हणजे करारी माणूस. शब्द एकदा बोलला की बोलला. ते म्हणाले, "आधी कागदावर डिझाईन दाखवा. कमिटीत पास करून घेऊ, मग भिंतीला हात लावा."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "आक्का, चित्र कसं होणार ते आधी काढून दाखवायचं."

"आधी कसं कळंल? कापडं कुठं बघितलाव अजून?"

"कसली कापडं?"

"हितल्या माणसांची."

तिचं म्हणणं सरळ होतं. कवदी अंगावरच्या जुन्या कापडांची होते. तुकडे हातात आल्याशिवाय कुठला कुणाच्या शेजारी बसणार हे कळत नाही. भिंतीवर करायची तर भिंतीचीही तीच रीत. ज्यांची भिंत त्यांनी आपापला एक तुकडा आणायचा. ती तो बघणार, तसा रंग कालवणार, तशी नक्षी भिंतीवर उतरवणार. आपल्या घराच्या मातीच्या भिंतीवर काव आणि चुना घेऊन ती दरसाल हेच करायची. कागद तिच्या कामात कुठं येतच नव्हता.

साहेब थोडा वेळ पेनाचं टोपण फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. पण मध्ये आपल्या संस्थेचं बोधचिन्ह आलं पाहिजे."

"मधी न्हाय," आक्का म्हणाली. "कडंला घालतो. मधी कवदीचं पोट असतंय."

मला वाटलं, संपलं सगळं. पण साहेबांचा फोन वाजला आणि त्यांनी हातानंच 'जा, करा' असं सांगितलं. त्या फोनचे माझ्यावर उपकार आहेत.

मग आमच्या कॉलेजात जी काही जत्रा भरली ती मी कधी विसरणार नाही. लायब्ररीच्या दारात एक मोठी पेटी ठेवली. नियम एकच, कापड वापरलेलं पाहिजे. हॉस्टेलच्या मेसमधल्या बायकांनी पदराचे तुकडे दिले, हळदीच्या डागासकट. वॉचमननं खाकी बाही दिली. एक मॅडम बाजारातनं नव्या कोऱ्या कापडाचा सुंदर तुकडा घेऊन आल्या. आक्कानं तो नाकाशी नेला आणि परत दिला. "ह्यात कोन न्हाय," म्हणाली. मी माझा धुतलेला हातरुमाल दिला. तोही तिनं वास घेऊन बाजूला ठेवला. मला राग आला, सांगतो ना. अहो, रुमाल म्हणजे कापडच की! दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या टेबलावरचं पुस्तकं पुसायचं फडकं उचललं. माझ्याच जुन्या सदऱ्याचं होतं, धुळीनं राखाडी झालेलं. "हे तुमचं," ती म्हणाली आणि कनवटीला लावून निघून गेली. आजही भिंतीच्या डाव्या अंगाला तो मळका राखाडी तुकडा आहे. बघितला की मला हसू येतं.

चेअरमन साहेबांनी सत्कारात मिळालेली रेशमी शाल पाठवली होती. आक्कानं शिवाप्पाच्या हाती ती परत पाठवली. केबिनमधली शाल परत आली म्हणून ऑफिसात सगळे धास्तावले. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः भिंतीपाशी आले, हातात वर्तमानपत्राची पुडी. आत जुन्या इरकली लुगड्याचा काठ होता, घडीवर विरलेला. "आईचं आहे," म्हणाले. "शेंगा निवडायला जायची हेच नेसून." आक्कानं तो काठ दोन्ही तळहातांवर घेतला आणि डोळ्यांना लावला. भिंतीवर तिनं तो तुकडा मधल्या जागेला अगदी लागून काढला, काठाची प्रत्येक रेघ मोजून.

तिचं काम कोपऱ्यातनं सुरू झालं. आम्हाला वाटलेलं, आधी मधलं मोठं काहीतरी काढेल, मग आजूबाजूला भरेल. तिनं चार कोपऱ्यांत आधी चार फुलं काढली. फुलं म्हणजे कापडाच्या तिकोनी घड्या एकावर एक ठेवाव्यात तशी. "ही नसली तर कवदी नागडी," ती म्हणाली. मग कडेकडेनं, फिरत फिरत, आत आत. तुकडे तिनं रंगवायचे आणि त्यावरचे पांढरे टाके आम्ही सगळ्यांनी मारायचे, ब्रशानं, एकेक. प्रिन्सिपॉलपासून झाडूवाल्यांपर्यंत प्रत्येकानं. गणिताच्या सरांनी फूटपट्टी लावून आपली रांग एकदम सरळ काढली. आक्का कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे काय मशीन आलंय?"

"सरळ आलेत ना, आक्का?"

"माणसाचा टाका चालतोय, थांबतोय, दम खातोय. पुसा ते."

सरांनी पुसलं. परत काढलं, वाकडं. मग ती खूश झाली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. पांढऱ्या रंगाचे पाच बोटांचे ठसे सरांच्या शर्टावर उठले. तो शर्ट त्यांनी अजून टाकलेला नाही असं ऐकतो.

भिंतीवर पोस्टर लागायची बंद झाली ती त्याच दिवसांत. लावणार तरी कसं? ज्याच्या हातात खळीचं डबडं, त्याच्याच बहिणीचा नाहीतर मामाचा तुकडा त्या भिंतीत होता.

फिरत फिरत काम मध्यावर आलं आणि थांबलं. मधोमध हातभर चौकोन पांढरा ठेवून आक्कानं गवंड्याला बोलावलं आणि त्यात नारळाच्या करवंटीएवढा खळगा पाडून घेतला. मी विचारलं तेव्हा तिनं मला सगळं समजावून सांगितलं. कुणी असं म्हणू नये की मला माहीत नव्हतं. कवदीचा शेवटचा तुकडा मधी बसतो. तो शिवून बंद करायच्या आधी आत मूठभर तांदूळ घालतात. कवदी माणसाला आयुष्यभर ऊब देते, तिला उपाशी पोटी कुणाच्या घरी धाडायचं नसतं. उपाशी कवदी तिच्या आईनं कधी दिली नाही, आजीनं दिली नाही.

"मेसमधनं देऊ की तांदूळ," मी म्हणालो.

"ते खायाला चालत्यात. पोटात घालायचं ते आपण राबलेलं पायजे. भात मळणीला आलंय आमचं. मी जातो, चार दिवसांत नवं तांदूळ घेऊन येतो. तवर पोट उघडं ऱ्हाऊं दे. हात लावूं देऊ नका कुणाला."

"कोण लावतंय हात?" मी म्हणालो. "मी आहे की इथं."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी पत्र आलं की कमिटी पुढच्या आठवड्यात नाही, तीन दिवसांतच येते. चेअरमन साहेब भिंत बघायला आले. "झकास," म्हणाले, आणि मग त्यांची नजर खळग्यावर गेली. "हे भगदाड कसलं?"

मी सांगायला लागलो. तांदूळ, पोट, मळणी. केबिनच्या बाहेर, चार लोकांसमोर ते सांगताना माझं मलाच कसंतरी वाटायला लागलं. साहेब म्हणाले, "अहो, कमिटीला काय सांगू मी? भिंत जेवायची राहिलीय म्हणून? बुजवून घ्या आणि त्यावर आपलं बोधचिन्ह रंगवून घ्या. बाईंना मागाहून समजावता येईल."

मी 'नको' म्हणायला पाहिजे होतं. एवढं एकच तोंड उघडायचं होतं. पुस्तकाला वाळवी लागली तर सगळं कॉलेज डोक्यावर घेणारा माणूस मी, आणि त्या दिवशी माझी दातखीळ बसली. मी गवंडी बोलावला, खळगा सिमेंटनं बुजवला. बोर्ड रंगवणाऱ्यानं दुपारपर्यंत त्यावर गोल बोधचिन्ह काढलं, चकचकीत ऑइल पेंटमध्ये. शिवाप्पा हे सगळं दारातनं बघत होता. संध्याकाळी जाताना त्यानं मला नमस्कार केला नाही.

कमिटी यायच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का परत आली. मळणी लवकर उरकून, पहाटेची बस धरून. पदराच्या गाठीत तांदूळ. मी पायरीवर उभा होतो. तिनं मला नेहमीसारखं जेवलासा काय म्हणून विचारलं नाही, कारण तिचं लक्ष आधी भिंतीकडे गेलं होतं. ती चिन्हापाशी गेली, मधलं बोट वाकवून त्यावर टकटक केलं, घागर भरली का बघतात तसं. भरीव आवाज आला.

"बंद केलासा?"

"आक्का, कमिटी अचानक..."

"उपाशीच?"

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं पत्रा मागितला, रंग खरवडायचा. शिवाप्पानं आणून दिला. तिनं खालच्या कोपऱ्यातलं फूल खरवडायला घेतलं. मग दुसरं. वरच्या दोन फुलांसाठी शिवाप्पानं शिडी आणली आणि धरून उभा राहिला. चारही कोपरे पांढरे झाले. ती खाली उतरली, हात झटकले. "ही माझी कवदी न्हवं," ती म्हणाली. "तुमची भित, तुम्ही ठेवा." पदराची गाठ तशीच होती. ती तशीच परत घेऊन गेली. पोरं क्लासमधनं बाहेर येऊन बघत होती.

कमिटी आली, भिंतीपुढे फोटो काढले, वा वा केलं. कोपऱ्यांबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यांना कसं कळणार? आम्हाला कळत होतं. रोज सकाळी स्कूटर लावताना मला ती उघडी भिंत दिसायची आणि मी मान खाली घालून आत जायचो. किरकिर करायचीही मला लाज वाटायला लागली. पोरांनी पानं दुमडली तरी गप्प बसायचो. बायको म्हणाली, "बरं न्हाय काय तुम्हाला?"

हिवाळा गेला, परीक्षा झाल्या. सुट्टी लागली तशी एक दिवस मी घरनं निघतानाच छिन्नी आणि हातोडी डिकीत टाकली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर परत दातखीळ बसली असती. भर दुपारी स्टुलावर चढलो आणि बोधचिन्हावर छिन्नी लावली. आयुष्यात खिळा ठोकला नव्हता मी. पहिल्या पाच मिनिटांत हातोडी अंगठ्यावर बसली. शिवाप्पा आला, स्टूल धरलं. छिन्नी मागितली नाही त्यानं, नुसतं स्टूल धरलं.

आणि नेमकी चेअरमन साहेबांची गाडी आत आली. साहेब उतरले. सुट्टीत ते कधी यायचे नाहीत, पण माझं नशीब म्हणजे नशीब.

"लायब्ररियन, काय चाललंय हे?"

मी म्हणालो, "पोट उघडतोय, साहेब. मी तिला शब्द दिला होता. हवं तर मेमो द्या, मी घेतो. पण हे मी आज करणार."

साहेब जवळ आले. रिकाम्या कोपऱ्यांकडे त्यांनी बघितलं, एकेक करून चारही. मग चिन्हाच्या अंगाला असलेल्या इरकली काठाकडे बघत राहिले. मला वाटतं, मागच्या चार महिन्यांत त्यांनीही ते बघितलं होतंच.

"आईच्या लुगड्याला छिन्नी लागू देऊ नका," ते म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. त्या माणसाला मी मनातल्या मनात फार शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी सगळ्या परत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी शिवाप्पाला मागं बसवून मी वाडीवर गेलो. आक्का अंगणात बसून शिवत होती. कवदी पसरलेली, तिच्यावरच मांडी घालून. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"जेवलासा काय?" तिनं विचारलं.

अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिन्यांनी ते दोन शब्द ऐकले.

"आक्का, चुकलो मी," मी म्हणालो. "तुम्ही सांगून गेला होता. मला सगळं ठाऊक होतं. मी भ्यालो."

ती माझ्या छातीकडे बघत होती. सदऱ्याचा खिसा एका बाजूनं उसवला होता, प्रवासात. तिनं खांद्यावरची सुई काढली, मला जवळ बोलावलं आणि उभ्या उभ्या खिसा शिवायला घेतला. सुई छातीशी, त्यामुळे मला हलता येईना. मी बोलत राहिलो. चिन्ह फोडलं, खळगा मोकळा केला, साहेब आले, काय म्हणाले, सगळं. ती टाका घालत होती, थांबत होती, परत घालत होती. शेवटी दोरा दातानं तोडला.

"जेवा आधी," म्हणाली. "मग जाऊ."

तांदूळ तिनं ठेवलेच होते. त्या दिवशीच्या जुन्या लुगड्याचा पदर गाठीसकट फाडून ठेवलेला, तीच गाठ. मडक्यात घालून ठेवले होते म्हणे, टोके होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला टाकून.

भिंतीपाशी आल्यावर तिनं खळग्यात हात घालून चाचपला. वेडावाकडा होता, कडा फुटलेल्या.

"कुणी फोडलं?"

"मी."

तिनं माझा हात हातात घेतला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. ते तिनं नीट बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मी ओरडलो तशी हसली. इतके दिवस ती मला सायेब, तुम्ही, असं म्हणायची. पदराची गाठ सोडून तिनं ती माझ्यापुढे धरली.

"मग तूच घाल रं," ती म्हणाली.

मी मूठ भरली. तांदूळ खळग्यात सोडताना थोडे खाली सांडले, ते शिवाप्पानं वेचून दिले. आक्कानं चुन्यानं तोंड लिंपलं. वाळल्यावर त्याच्यावर शेवटचा तुकडा रंगवला. गाठ बांधलेल्या त्या जुन्या लुगड्याचा, हिरवा, बारीक ठिपक्यांचा. शेवटचा टाका तिनं स्वतः मारला. मग शिडी मागवली आणि चारी कोपऱ्यांत फुलं परत काढली. वरचं दुसरं फूल झालं तेव्हा मेसमधल्या बायका, वॉचमन, सुट्टीतही राहिलेली हॉस्टेलची दोन-चार पोरं, सगळे खाली गोळा झाले होते. आक्का शिडीवरनं म्हणाली, "आता घ्या. आता दिली तुम्हाला."

मी पुढं काही वर्षांनी रिटायर झालो. इतकी पुस्तकं हाताळली, पण कुणाला काही देताना ते कसं द्यायचं हे मला त्या बाईनं शिकवलं. आणि आपण चुकलो असू तर भरपाई करायलाही दुसऱ्याच्या हातची वाट बघायची नसते, हेही. तिचं देणं माझ्याच्यानं कधी फिटणार नाही, आणि ते फिटू नये असंच मला वाटतं.

तिला शेवटची बघितली ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. गुडघे दाखवायला बेळगावच्या दवाखान्यात आली होती, हे मला नंतर कळलं. मी लायब्ररीच्या खिडकीत रजिस्टर लिहीत बसलो होतो. बाहेर बघतो तर भिंतीपाशी आक्का. एकटीच, हातात काठी. कुणाला भेटायला आत आली नाही. तिनं काठी भिंतीला टेकवली आणि मधल्या हिरव्या तुकड्यावर तळहात ठेवला. तिचे ओठ हलले. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

मी चष्मा टेबलावर टाकून बाहेर धावलो. तोवर ती फाटकाबाहेर पोचली होती, बस येताना दिसत होती.

"आक्का!" मी ओरडलो. "जेवून जा की!"

ती वळली. मला बघून हसली. बसच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. तिनं काठी काखेत धरली, उजवा हात आपल्या पोटावर ठेवला, दोनदा थोपटला, आणि तोच हात भिंतीकडे करून दाखवला. मग ती बसमध्ये चढली.